किलोभराचा सोबती



आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. लेकीची बारावी झाली, पुढच्या शिक्षणासाठी ती पुण्याला निघाली आहे आणि तिला लॅपटॉप घ्यायचा आहे. कोणता घ्यायचा याबद्दल तिचं मत पक्कं आहे. "आई, एक किलोच्या आतला. मोठ्या ऑफिसातले लोक वापरतात तो. काळा, पातळ, एका हातात उचलता येणारा." ह्यांचंही मत पक्कं आहे. "शिकायला चालली आहेस की बोर्ड मीटिंगला?" आणि माझं मत कोणी विचारत नाही. आता गंमत बघा, तसला लॅपटॉप घरात सहा वर्षांहून जास्त वापरलेली एकुलती एक व्यक्ती मीच! तेव्हा म्हटलं, घरात कोणी ऐकत नाही तर आपल्या अंकात लिहावं. दर वर्षी आपल्यापैकी कितीतरी घरांतून मुलं पुण्या-मुंबईला शिकायला जातात, कितीतरी जण सुट्टीवर जाताना भाच्या-पुतण्यासाठी लॅपटॉप नेतात. त्यांना तरी उपयोग होईल.

मी काही संगणकतज्ज्ञ नाही. शर्कमधल्या एका व्यापारी कंपनीत हिशेब लिहिते. त्यामुळे हा लेखही मी वहीसारखाच मांडणार आहे: जमा काय, नावे काय आणि शेवटी शिल्लक काय.

खांद्याने केलेली खरेदी

२०१९ सालची गोष्ट. ऑफिसने दिलेला लॅपटॉप अडीच किलोच्या वर. त्याचा चार्जर म्हणजे अर्धी वीट. त्यात माझा डबा, पाण्याची बाटली, वाण्याकडून आणायच्या सामानाची पिशवी. साल्मियाहून रोज ऑफिसच्या व्हॅनने ये-जा. वर्षभरात उजवा खांदा असा धरला की वेणी घालायला हात मागे जाईना. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम शिकवले आणि जाता जाता माझी बॅग उचलून बघितली. म्हणाल्या, "आधी ही हलकी करा, मग माझ्याकडे या."

मग एका गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं हवल्लीला इब्न खल्दून रस्त्यावर गेलो. कुवेतमध्ये नव्याने आलेल्यांसाठी सांगते, संगणकाच्या दुकानांची ही आपली जुनी पेठ. नवे, जुने, दुरुस्तीचे, सुट्या भागांचे, सगळं एकाच रस्त्यावर. तिथे एका मुलाने माझ्या हातावर तो लॅपटॉप ठेवला आणि मी विचारलं, "आतली मशीन कुठाय?" सव्वा किलोसुद्धा नव्हता! किंमत ३८० दिनार, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळजवळ नव्वद हजार रुपये. ह्यांचा चेहरा उतरला, पण माझ्या खांद्याने 'हो' म्हटलं होतं. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे घडलं ते त्या जातीच्या कुठल्याही लॅपटॉपच्या बाबतीत घडू शकतं.

एवढं वजन गेलं कुठे?

१९८१ साली अमेरिकेत ऑस्बॉर्न-१ नावाचा 'उचलून नेता येणारा' संगणक निघाला. वजन सुमारे ११ किलो! बंद केला की शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसायचा, पडदा जेमतेम पाच इंचांचा. दोन वर्षांत कॉम्पॅक कंपनीचा पोर्टेबल बाजारात आला, तो तर १३ किलोंच्या आसपास. उचलता येतो म्हणजे 'पोर्टेबल', एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता.

ऑफिसच्या लॅपटॉपला खरं रूप आलं ते १९९२ मध्ये आयबीएमच्या थिंकपॅडमुळे. आयबीएमच्या नोकरांना 'थिंक' म्हणजे 'विचार करा' असं छापलेली छोटी टिपणवही मिळत असे, तिच्यावरून हे नाव आलं. रिखार्ड झापर या जर्मन कलाकाराने त्याला रूप दिलं ते जपानी लोकांच्या बेंतो नावाच्या काळ्या जेवणाच्या डब्यावरून. म्हणजे लॅपटॉप आणि डबा एकाच पिशवीत नेणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे नातं आधीच ठाऊक होतं म्हणा ना! तो पहिला रंगीत पडद्याचा थिंकपॅड तीन किलोंच्या आसपास होता. २००५ साली आयबीएमने हा सगळा धंदा चीनच्या लेनोवो कंपनीला विकला.

मग जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावर टपालाच्या पिवळ्या पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. वजन १.३६ किलो. जगभरच्या कंपन्यांची झोप उडाली. २०१२ मध्ये लेनोवोने एक्स-वन कार्बन नावाचा १४ इंचांचा थिंकपॅड काढला, तोही साधारण तेवढ्याच वजनाचा. डेल, एचपी, फुजित्सू सगळेच या शर्यतीत उतरले आणि आता १४ इंचांचा पडदा असूनही एक किलोच्या आत बसणारे लॅपटॉप दुकानात मिळतात.

हे वजन काही जादूने गेलं नाही. सीडीची खाच गेली. गरगर फिरणारी हार्ड डिस्क गेली, तिच्या जागी च्युइंगगमच्या पट्टीएवढं एसएसडी आलं. अंगासाठी मॅग्नेशियमचा मिश्रधातू किंवा कार्बन फायबर आलं. मॅग्नेशियम हे ॲल्युमिनियमच्या दोन तृतीयांश वजनाचंच असतं. पाठीमागे खटकन काढता येणारी बॅटरी आत गेली आणि स्क्रूंनी बंद झाली. मेमरीची पट्टी जाऊन तिच्या चिप्स थेट मुख्य बोर्डावर डाग देऊन बसवल्या गेल्या. म्हणजे जे जे आपण स्वतः काढू-घालू शकत होतो, तेच नेमकं वजन होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जमेची बाजू

पहिली जमा खांद्याची. तीन महिन्यांत वेणी घालता यायला लागली. व्यायामाचाही वाटा होता, पण बॅगेचा होताच.

दुसरी जमा मार्च २०२० मध्ये कळली. १३ मार्चपासून कुवेतचा विमानतळ प्रवासी उड्डाणांना बंद झाला, ऑफिसं बंद झाली, मे महिन्यात तर जवळजवळ तीन आठवडे पूर्ण संचारबंदी होती. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ह्यांच्या मीटिंगा, लेकीची ऑनलाइन शाळा आणि माझा हिशेब. टेबल एकच! माझं ऑफिस कधी पलंगावर, कधी ओट्यावर कुकरच्या शेजारी, कधी धुण्याच्या मशीनवर. अडीच किलोचं धूड घेऊन हे जमलं नसतं. चार्जिंग एकदा केलं की शीटांचं काम करत सहा-सात तास सहज जायचे.

तिसरी जमा मजबुतीची. हलका म्हणजे नाजूक असं आपल्याला वाटतं, पण धंद्यासाठी केलेल्या लॅपटॉपची जात वेगळी असते. अमेरिकन लष्कराच्या एका मानकाप्रमाणे धक्के, थंडी, उष्णता, धूळ यांच्या चाचण्या करून ते विकले जातात. त्यामुळे ते अमर होत नाहीत, पण बिजागरी वर्षभरात ढिली पडत नाही. अनेकांच्या कळफलकाखाली सांडलेलं पाणी वाहून जायला वाटाही असतात. माझ्या लॅपटॉपने एकदा अर्धा कप चहा पचवला आहे. पडदा चकचकीत नसतो, त्यामुळे कुवेतच्या उन्हात खिडकीजवळ बसलं तरी आपलाच चेहरा आकडेमोडीवर दिसत नाही. आणि मोठ्या कंपन्या या मॉडेलांच्या दुरुस्तीची पुस्तकं उघडपणे देतात, सुटे भागही बरीच वर्षं मिळतात. घरगुती स्वस्त मॉडेलाचं असं नसतं.

चौथी जमा प्रवासाची. आपण सगळे सामान तोलून तोलून जगणारी माणसं! अनेक विमान कंपन्या हातातल्या बॅगेत सातच किलो नेऊ देतात. त्यात खजूर, बदाम, कोणाची औषधं. दीड किलो वाचला तर काय वाचतं ते गृहिणीला विचारा. शिवाय हल्ली चार्जर टाइप-सीचा असतो, तोच फोनलाही चालतो. कुवेतचे तीन चपट्या पायांचे प्लग आणि भारतातले गोल पायांचे, यासाठी फक्त एक छोटा ॲडॉप्टर बाळगला की झालं. विजेचा दाब दोन्हीकडे जवळपास सारखाच.

नावे टाकायच्या बाबी

पहिली बाब, भोकं! हसू नका. आपल्या गणेशोत्सवात एका वर्षी मुलांच्या नाटुकल्यामागे पडद्यावर चित्रं दाखवायची जबाबदारी माझ्यावर होती. चित्रं तयार, क्रम लावलेला, मुलं नटून उभी. सभागृहातला प्रोजेक्टर जुना, निळ्या पंधरा पिनांच्या वायरचा. माझ्या लॅपटॉपला ती खाचच नाही. जोडणारा तुकडा घरी, शिवणाच्या डब्यात. राजा दशरथ विंगेतून विचारतोय, "काकू, अयोध्या कधी येणार?" शेवटी एका दादांनी गाडीतून आपला जुना, पावणेतीन किलोचा लॅपटॉप आणला आणि अयोध्या आली. तेव्हापासून मी तो तुकडा चार्जरलाच दोऱ्याने बांधून ठेवला आहे. हलका लॅपटॉप घेताना अशा दोन-तीन तुकड्यांचा खर्च आणि वजन दोन्ही धरा.

दुसरी बाब मेमरीची. मी आठ जीबीचा घेतला, कारण तेव्हा पुरत होता. चार वर्षांनी पुरेना. जुन्या लॅपटॉपमध्ये दहा-पंधरा दिनारांत पट्टी बदलून मिळायची, इथे चिप्स बोर्डावरच चिकटलेल्या. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साधारण २०१८ च्या आधीच्या प्रोसेसरांवर अधिकृतपणे बसत नाही. माझा थोडक्यात बचावला, बसला, पण नव्या सुनेला सांभाळताना म्हाताऱ्या सासूचं होतं तसं त्याचं झालं आहे.

तिसरी बाब, कळा. पातळ लॅपटॉपच्या कळा फार खाली जात नाहीत, दिवसभर आकडे टाकणाऱ्याची बोटं दुखतात. बाजूला आकड्यांचा स्वतंत्र चौकोनही नसतो. हलकं आणि नवं करण्याच्या नादात कंपन्याही चुकतात. २०१४ च्या एक्स-वन कार्बनमध्ये वरच्या ओळीतल्या कळा काढून बोट लावायची पट्टी दिली होती. लोकांनी एवढी नाकं मुरडली की पुढच्याच वर्षी खऱ्या कळा परत आल्या! आणि कुवेतमध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर इंग्रजीबरोबर अरबी अक्षरं छापलेली असतात. मराठी लिहायला त्याची अडचण नाही, विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक असतोच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आठवडाभर सराव केला की कळांकडे बघावं लागत नाही. हा लेख मी तसाच लिहिते आहे.

चौथी बाब, उष्णता. ही आपल्या कुवेतची खास. पातळ अंगात पंखा छोटा, हवा फिरायला जागा कमी. गरम झालं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. एरवीही बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालावेत असे बनवलेले असतात. आणि आपण राहतो कुठे? २१ जुलै २०१६ रोजी आपल्याच उत्तरेकडच्या मित्रिबाला ५३.९ अंश नोंदले गेले, जागतिक हवामान संघटनेने तपासून मान्य केलेला आकडा आहे हा. जून ते ऑगस्ट दुपारी माणसांना उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते. मग लॅपटॉपला गाडीत ठेवून आपण मॉलमध्ये का जातो? मी गेले होते. दोन उन्हाळे असं केल्यावर २०२२ मध्ये लॅपटॉपची बोट फिरवायची पाटी वर आली, झाकण नीट बसेना. उघडून बघितलं तर आतली बॅटरी तळलेल्या पापडासारखी फुगलेली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नशीबवान आहात." फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज तर मुळीच करू नये, पेट घेऊ शकते. लगेच बंद करून दुकानात न्यावी. तोझ सुटल्यावर, म्हणजे धुळीच्या वादळात, खिडकीजवळ चालू ठेवू नये आणि वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा, हेही त्यानेच सांगितलं.

सगळ्यात मोठी नावे

पाचवी बाब लिहायला थोडी जड जाते.

करोनाच्या काळात मी दीड वर्ष मिरजेला जाऊ शकले नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये महिनाभर गेले. आई तेव्हा थकली होती, पण बोलायला खूश. मी फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड केलं, तीन दुपारी. एका दुपारी तिने गोड्या मसाल्याचं माप सांगितलं, धने किती, खोबरं किती, दगडफूल कधी घालायचं. दुसऱ्या दुपारी स्वतःच्या लग्नाची गोष्ट, वऱ्हाड कसं बैलगाडीने गेलं ती. तिसऱ्या दुपारी नुसत्या गप्पा, मध्येच मला "अगं पोरी, चहा टाक" असं म्हणालेलं. फोन भरला होता म्हणून मी ते सगळं लॅपटॉपवर घेतलं आणि फोनवरून पुसून टाकलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आई गेली.

जुलै २०२३ मध्ये लॅपटॉपची चार्जिंगची खाच ढिली झाली. सोफ्यावर वायर वाकवून बसायची आमची सवय. जुन्या लॅपटॉपला हा दोन-चार दिनारांचा भाग. इथे ती खाच मुख्य बोर्डालाच जोडलेली, तेव्हा बोर्ड बदलावा लागला. सव्वाशे दिनार! हमी तीन वर्षांची, संपलेली. ठीक आहे, पैसे गेले. लॅपटॉप सुरू झाला आणि निळा पडदा आला. ४८ आकड्यांचा क्रमांक टाका म्हणाला.

दुरुस्तीवाल्याने विचारलं, "मॅडम, चाबी का नंबर?"

तेव्हा मला कळलं ते असं. या जातीच्या लॅपटॉपमधली सगळी माहिती कुलूपबंद लिपीत ठेवलेली असते आणि त्या कुलपाचं गुपित बोर्डावरच्या एका चिपमध्ये असतं. लॅपटॉप चोरीला गेला, कोणी आतली डिस्क काढून दुसरीकडे लावली, तरी त्याला एक अक्षर वाचता येत नाही. कंपन्यांना हेच हवं असतं. पण बोर्ड बदलला की चिप बदलली, आणि मग लॅपटॉपच्या लेखी मीच चोर! अशा वेळी ती ४८ आकड्यांची किल्ली लागते. ती आपोआप कुठे साठवली जाते? लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे ऑनलाइन खातं उघडलं त्यात. आमचं खातं दुकानातल्या मुलाने पाच मिनिटांत उघडून दिलं होतं, ह्यांच्या त्या वेळच्या ऑफिसच्या ईमेलवर. ह्यांनी ती नोकरी २०२१ मध्ये सोडली. ईमेल बंद, त्याच्याशी जोडलेला फोन नंबरही ऑफिसचाच, तोही परत केलेला.

खूप प्रयत्न केले. कुलूप शाबूत होतं, किल्ली नव्हती. गोड्या मसाल्याचं रेकॉर्डिंग मिळालं, कारण तेवढं मी माझ्या भावाला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं आणि त्याने ते ठेवलं होतं. लग्नाची गोष्ट आणि चहा टाक म्हणालेली दुपार गेली. ती जुनी डिस्क मी फेकलेली नाही. कपाटात आईच्या साडीच्या घडीत ठेवली आहे. आई तिच्यात आहे, फक्त आम्हाला ऐकू येत नाही.

यात लॅपटॉपचा दोष किती आणि माझा किती, याचा हिशेब मी बऱ्याच वेळा मांडला. माझा जास्त निघतो.

काकांची प्लास्टिकची पिशवी

आमच्या इमारतीत एक ज्येष्ठ काका राहायचे, आता ते नाशिकला स्थायिक झालेत. ही हकीकत सांगितल्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "ऑगस्ट १९९० मध्ये आम्ही निघालो तेव्हा बायकोने दागिने कणकेच्या डब्यात लपवले होते आणि मी पदवीची प्रमाणपत्रं, पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत बांधले होते. गाडी राहिली, घर राहिलं, फोटोंचे अल्बम राहिले. त्या पिशवीवर पुन्हा उभा राहिलो." बगदादमार्गे अम्मानला पोचलेल्या त्या लोकांना एअर इंडियाने मायदेशी आणलं, जवळजवळ पावणेदोन लाख भारतीय. आपल्यापैकी काही जण त्यांत होते, त्यांना मी काय सांगणार?

पण काकांचं पुढचं वाक्य मी विसरत नाही. "वहिनी, तुमच्या त्या हलक्या यंत्रात पिशवी आहे, अल्बम आहे आणि दागिनेही आहेत. पण ते सगळं एकाच ठिकाणी आहे."

आणि हातातली वस्तू हातात राहील याची खात्री कधीच नसते. मार्च २०१७ आठवतंय? अमेरिकेने दहा विमानतळांवरून थेट तिकडे जाणाऱ्या विमानांत फोनपेक्षा मोठी यंत्रं जवळ ठेवायला बंदी केली, त्यात आपला कुवेतचा विमानतळ होता. जुलैमध्ये ती बंदी इथल्यापुरती उठली, पण तोवर लोकांनी आपले लाडके लॅपटॉप धडधडत्या मनाने पोटात जाणाऱ्या सामानात दिलेच ना! तेव्हा कुलूप हवंच, पण किल्लीही हवी आणि दुसरी प्रतही हवी.

शिल्लक

तर मंडळी, लेकीसमोर मी हा सगळा हिशेब मांडला. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "आई, तुझी गोष्ट पटली. पण होस्टेल ते कॉलेज पाठीवर मी नेणार आहे, तू नाही." तेही खरंच. तिच्या पाठीला माझ्या खांद्याची गत व्हावी असं मला थोडंच वाटतं? मग आम्ही मध्ये भेटलो.

आम्ही धंद्याच्या जातीचाच लॅपटॉप घेतला, पण सर्वात हलका नाही. १.४ किलोचा, इब्न खल्दून रस्त्यावरच्याच एका दुकानातून, एका कंपनीने दोन वर्षं वापरून परत केलेला. त्यात मेमरीची एक खाच मोकळी आहे, डिस्क बदलता येते, प्रोजेक्टरची एचडीएमआय खाच आहे. एक किलोच्या नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. चारशे ग्रॅम जास्त, म्हणजे दोन मोठे आंबे. तेवढं तिची पाठ सोसेल. वाचलेल्या पैशांतून एक बाहेरची डिस्क आणि मोठा चार्जर.

तुम्ही घेणार असाल तर एवढं बघा:

मेमरी बोर्डावर चिकटलेली असेल तर १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, पुढे वाढवता येणार नाही. खाच असेल तर कमी घेतलं तरी चालेल.

हमी भारतात चालते का, हे दुकानात बिलावर लिहून घ्या. धंद्याच्या मॉडेलांना बऱ्याचदा अशी हमी मिळते, पण 'बऱ्याचदा' म्हणजे 'नेहमी' नव्हे.

जुना घेत असाल तर बॅटरी किती वेळा चार्ज झाली आहे आणि प्रोसेसर विंडोज ११ ला चालणारा आहे का, हे समोर उभं राहून दाखवायला सांगा. आधीच्या कंपनीचं कुलूप त्यावर नाही ना, हेही बघा.

चार्जिंगच्या दोन खाचा असलेला मिळाला तर उत्तम. एक गेली तरी बोर्ड बदलावा लागत नाही.

भारतात जाताना १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय नेता येतो. एकाने दोन नेऊ नयेत. जास्तीच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, खालच्या सामानात नाही.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. खातं आपण स्वतः उघडा, आपल्या स्वतःच्या ईमेलवर. दुकानातल्या मुलाला उघडू देऊ नका, तो कितीही गोड बोलला तरी. ४८ आकड्यांची किल्ली कागदावर छापून घ्या. आमच्या लेकीची किल्ली एक प्रत इथे पासपोर्टच्या फायलीत आहे, दुसरी मिरजेला भावाकडे. आणि ज्यांचा आवाज तुम्हाला पुन्हा ऐकावासा वाटेल त्यांचं रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवा. आज रात्रीच ठेवा, पुढच्या सुट्टीत नको.

लेक पुढच्या महिन्यात निघते आहे. परवा तिने लॅपटॉप सुरू करून पहिलं काम काय केलं असेल? भावाकडून मागवून आजीचं गोड्या मसाल्याचं रेकॉर्डिंग त्यावर घेतलं. मी विचारलं, "होस्टेलमध्ये मसाला करणार आहेस का?" म्हणाली, "नाही गं. असू दे."

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.